शालन वहिनींचं नाक

"येतोय," शालन वहिनी म्हणाल्या, आणि पदर नाकाला लावून उंबऱ्यावरूनच मागं फिरल्या.

तव्यावरून नुकतीच उतरवलेली हिरवट चानकी हातात घेऊन मी त्यांच्या मागं शेडच्या बाहेर आलो. "वैनी, आत तरी या. एवढ्या लांबून काय कळणार?"

"लांबून कळतंय म्हणूनच आत येत नाही, भावजी."

"कालच्यापेक्षा कमी येतोय का?"

लिंबाच्या सावलीत थांबून त्यांनी डोळे मिटले. पेपर तपासताना अर्धा मार्क द्यावा की देऊ नये, असा विचार करायच्या तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा. "काल मासळीबाजाराच्या मधोमध होते. आज बाजाराबाहेर रस्त्यावर आहे."

"तुम्ही मासळीबाजार कधी बघितला?"

"डीएड रत्नागिरीला केलंय मी. तुमच्यासारखं दुष्काळातनं दुष्काळात नाही शिकले."

टाकीतलं हिरवं पाणी फळीनं ढवळत, आमच्याकडं मदतीला येणारे सिद्धूतात्या म्हणाले, "मला तर कायबी येत न्हाय." तात्यांच्या कनवटीला तपकिरीची डबी कायम असे. गेली कित्येक वर्षं त्यांच्या नाकाला कशाचाच वास आला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना थोडा अभिमानही होता.

आमचं गाव माणदेशातलं. त्या गावातही आमच्या वाट्याला आलेला तुकडा मुरमाड, आणि बोअरला लागलेलं पाणी असं मचूळ की त्यात ज्वारीसुद्धा पिवळी पडायची. मी फूड टेक्नॉलॉजी शिकून परत आलो तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की असलं पाणी आणि असलं ऊन एका गोष्टीला फार मानवतं. स्पिरुलिनाला. स्पिरुलिना म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळ, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. टाकीत वाढवायचं, कापडातून गाळायचं, पिळून त्याचा लगदा करायचा, शेवयांच्या साच्यातून तो जाळीवर पाडायचा आणि उन्हात वाळवून दळायचा. पौष्टिक म्हणून त्याला मागणी होती. पुण्याची एक कंपनी लहान मुलांच्या बिस्किटांत ती पूड घालायला तयार होती. अट एकच. वास आणि चव जाणवता कामा नये.

त्यावर उपाय आहे. हलवा करताना खसखशीच्या दाण्यावर पाकाचे थर चढवतात ना, तसं शेवाळाच्या प्रत्येक कणावर डिंकाचं कवच चढवायचं. पूड डिंकाच्या पाण्यात कालवून गरम हवेत तिचा फवारा मारला की पाणी उडून जातं आणि कवच घातलेली कोरडी भुकटी खाली पडते. कॉलेजच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेला असा एक ड्रायर मी घेऊन आलो होतो. तो चालू झाला की अख्ख्या शेडमध्ये आग्या मोहोळ उठल्यासारखा आवाज यायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, विलास. तो सेलमला गलाईच्या धंद्यात होता. आमच्या भागातली माणसं गावोगाव, पार तमिळनाडूपर्यंत जाऊन जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देतात, त्याला गलाई म्हणतात. होळीला गावी आला तेव्हा दादा मला म्हणाला होता, "हा एक उन्हाळा बघ. कंपनीनं घेतलं तर घेतलं, नाहीतर गुमान भट्टीवर ये." शालन वहिनी दादाची बायको. गावच्याच शाळेत शिक्षिका असल्यानं त्या आईबरोबर आणि माझ्याबरोबर गावी राहायच्या. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा ते टिकले नव्हते. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. पाव्हणी बाई तोंड उघडायच्या बेतात दिसली, की आई तिच्यापुढं चहाचा कप सरकवायची.

कंपनीला पाठवलेला पहिला नमुना आम्ही घरच्या घरीच पास केला होता. मी हुंगला, आईनं हुंगला, तात्यांनी तर दोनदा हुंगला. वास नाही म्हणून आम्ही खुशीत डबा सीलबंद केला. पुण्याच्या मॅडमांचा फोन आला, "अहो, डबा उघडला नि अख्खी लॅब उठून उभी राहिली. माशाचा वास येतोय!"

मी आईला सांगितलं तर तिला पटेचना. "आरं, आपण माळकरी. आपल्यात कोण मासं खातंय? मग वास यील कुठनं? त्येंच्याच घरातला आसंल."

चूक तीच होती. दिवसरात्र त्याच शेवाळात वावरून आमची नाकं मेली होती, आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिवली नाही त्या घरानं माशाच्या वासाचा निकाल दिला होता. मॅडम भल्या होत्या. जून लागायच्या आत आणखी एकदा पाठवा, त्यानंतर मात्र आम्ही दुसऱ्याकडून घेऊ, असं म्हणाल्या.

वहिनींच्या नाकाचा शोध जेवणाच्या बोलावण्यातून लागला. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. एक दिवस त्या मला हाक मारायला आल्या आणि फाटकापाशीच थबकल्या. "शी! काय मेलंय इथं?" इथं काहीच मेलं नव्हतं. दुसऱ्या नमुन्याची भुकटी भांड्यात पडत होती, तीही झाकणाखाली. थंडीत याच वहिनी रविवारी येऊन जाळ्यांवर शेवया पाडू लागायच्या, तेव्हा त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. मग आताच हे नाक एवढं तिखट कसं झालं, असा प्रश्न कुणालाही पडला असता. मला पडला नाही. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलो होतो, बाकी फारसं काही शिकलो नव्हतो.

"वैनी," मी हात जोडले, "हे आपल्या घरातलं एकुलतं एक शाबूत नाक आहे. रोज सकाळी एकदा शेडपर्यंत यायचं, वास येतोय की नाही एवढंच सांगायचं."

"आणि बदल्यात काय देणार?"

"बिस्किटावर तुमचा फोटो छापू."

"नाक दाबलेला?" वहिनी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी आल्या.

भुकटी नुसती हुंगून भागत नाही. बिस्कीट भट्टीत भाजलं जातं आणि कच्चं कवच उष्णतेनं फुटलं की वास उधळतो. म्हणून आई कणकेत चिमूटभर भुकटी मळून शेडमधल्याच चुलीवर, तव्यावर लहानशी चानकी भाजायची आणि वहिनी निकाल द्यायच्या. मी डिंक वाढवला. येतोय. हवेची आच कमी केली. येतोय. आच वाढवली. "आज तर जळका मासा," वहिनी म्हणाल्या आणि लिंबाच्या बुंध्याला धरून थोडा वेळ वाकून उभ्या राहिल्या. आई आतून लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी निकाल ऐकून खट्टू होऊन ड्रायरकडं वळलो.

एका सकाळी माझा डिंक संपला. सांगलीहून नवा यायला वेळ लागणार होता. घरी स्वयंपाकघरात वर फळीवर आईचा पितळी डबा होता, त्यात डिंक असतो हे मला लहानपणापासून ठाऊक. मी स्टूल घेऊन चढलो.

"हात लावू नगंस," आई चुलीपासूनच ओरडली.

"मूठभरच घेतो. नंतर भरून ठेवतो."

"न्हाय म्हटलं की न्हाय. त्यो शालनचा हाय."

"वैनींना कशाला लागतोय डिंक?"

आईनं भाकरी उलटली. "लागंल तवा लागंल. उतर खाली."

दर वर्षी आई जुना डिंक काढून नवा भरायची, हे मला त्या दिवशी समजलं. बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक. पहिल्या वेळी आणला होता, तो वापरायची वेळच आली नाही. पण डबा रिकामा ठेवायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं असावं. मी स्टूल जागेवर ठेवलं.

त्याच संध्याकाळी वहिनी टाकीच्या कठड्यावर येऊन बसल्या. उन्हं उतरली होती, वारा आमच्याकडून शेताकडं जात होता, म्हणून त्यांना जवळ बसता आलं. मी आपला नेहमीसारखा वात्रटपणा करत होतो. "वैनी, हे काम झालं की आपण तुमच्या नाकाची कंपनी काढू. अत्तरवाले, चहावाले, सगळे रांगेत उभे राहतील."

"फार भरवसा ठेवू नका," त्या म्हणाल्या. "हे नाक उसनं आहे."

"कुणाचं?"

त्यांचा हात नकळत पोटापाशी गेला आणि लगेच खाली आला. मला समजायला तेवढा वेळ लागला. समजलं तेव्हा आधी कान तापले, कारण अशी गोष्ट वहिनीनं दिराला सांगावी अशी आमच्याकडं रीत नाही. मग आनंदानं छाती भरून आली आणि तोंडून एकच शब्द निघाला, "दादाला–"

"नाही. त्यांना नाही सांगितलं."

"अहो पण–"

"ऐका ना भावजी. पहिल्या वेळी आपण पेढे वाटले. आठवतंय? शाळेत पोरांनासुद्धा कळलं होतं. मग एकेकाला सांगत बसले, नाही राहिलं म्हणून. सगळ्यांना सांगून झालं असं वाटलं, तेव्हा पहिलीतली एक पोरगी पाटी दाखवायला आली आणि म्हणाली, बाई, बाळ कधी येणार? दुसऱ्या वेळी म्हटलं, फक्त यांना सांगायचं. हे रोज फोन करायचे. जेवलीस का, झोपलीस का, पाय दुखतात का. मग एके दिवशी मलाच सांगावं लागलं. ते काहीच बोलले नाहीत. तिकडं नुसती भट्टीची घरघर ऐकू येत होती. ती ऐकत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता तीन महिने भरेपर्यंत मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही रोज माझं नाक मागता, आणि खोटं बोलायचा कंटाळा आला, म्हणून बोलले."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"विट्याला दाखवलंय. सोमवारी परत बोलावलंय. या वेळी ठोके दिसायला हवेत."

"मी येतो सोबत. जीप काढतो."

"नको. एकटीच जाईन. वाईट ऐकायचं असेल तर एकटीनं ऐकलेलं सोपं जातं."

ते खरं नव्हतं. ते खरं नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी फळी उचलली आणि पाणी ढवळत राहिलो. त्या दिवसापासून कंपनी, बिस्किटं, जून महिना, सगळं माझ्या डोक्यात मागं सरलं. सोमवार तेवढा पुढं आला. वहिनींनी घागर उचलली तर मी धावायचो. जिना चढल्या तर खाली उभा राहायचो. शेवटी त्याच वैतागून म्हणाल्या, "भावजी, तुमच्या तोंडाकडं बघून अख्ख्या गावाला कळेल. जरा माणसासारखं वागा."

त्यांच्या नाकानंच मला वाट दाखवली, तीही सहज. शेडकडून परत जाताना त्या टाकीपाशी वाळत घातलेल्या गाळणीच्या ओल्या कापडाजवळून गेल्या आणि थांबल्या. कापडाला ताजा लगदा चिकटलेला होता. "गंमत बघा, इथं एवढा नाही येत. गवतासारखा येतोय. तो दुसरा वास तुमच्या वाळलेल्या शेवयांना आहे."

मी कपाळावर हात मारला. आधी सावकाश उन्हात वाळवायचं आणि मग त्यावर कवच चढवायचं, हा सगळा उलटा कारभार चालला होता. दोन दिवस जाळीवर पडून शेवया खवट होत होत्या आणि तो खवटपणा मी डिंकाखाली दडपू बघत होतो. शेवयाच पाडायच्या नाहीत. गाळलेला ताजा लगदा थेट डिंकाच्या पाण्यात घालायचा आणि लगेच फवारायचा. वासाला जन्मच घेऊ द्यायचा नाही. तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी साचा धुवायचा तरास वाचला," आणि चिमूटभर तपकीर ओढली.

शनिवारी सकाळी नव्या पद्धतीची पहिली भुकटी पडली. मऊ, फिक्या हिरव्या रंगाची, बोटांना पिठीसाखरेसारखी लागणारी. आईनं कणकेत मळून चानकी भाजली. मी फाटकाकडं बघत बसलो.

वहिनी आल्या. फाटकापाशी थांबल्या नाहीत. लिंबाखाली थांबल्या नाहीत. उंबरा ओलांडून आत आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तात्यांनी फळी खाली ठेवली. वहिनींनी माझ्या हातातून चानकी घेतली, मोडली, वाफेवर नाक धरलं. मग तुकडा तोंडात टाकून सावकाश चावला.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"काहीच नाही. नुसती चपाती लागतेय."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बहुतेक तात्यांना मिठी मारली, कारण नंतर माझ्या सदऱ्याला तपकीर लागलेली होती. आई चुलीपुढूनच हात जोडून पुटपुटत होती. मी ओरडलो, "वैनी, जिंकलो! मॅडमना आत्ता फोन लावतो!" आणि वळून बघितलं.

वहिनी उपड्या क्रेटवर बसल्या होत्या. उरलेली चानकी मांडीवर पडली होती. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"काय झालं?"

"भावजी, खरंच वास नाहीये का?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमचा माल चांगला झालाय म्हणून येत नाहीये, की माझंच–"

मला काही उमगेना.

"दोन्ही वेळी आधी हेच झालं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले आणि चहाचा वास छान वाटला. फोडणीचा वास छान वाटला. मी वेडी, खूश झाले. म्हटलं, सुटले बाई उलट्यांतून. पोटभर जेवले. आणि मग डॉक्टरांकडं गेले तर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "आज सकाळीही मळमळलं नाही. इथवर आले, आत आले, तरी नाही."

आतापर्यंत ज्या दोन शब्दांची मी चातकासारखी वाट बघितली, ते दोन शब्द परत घ्यावेत असं वाटायला लागलं.

"जुन्या शेवया आहेत?" त्यांनी विचारलं. "मागच्या महिन्यातल्या. खवट झालेल्या."

"आहेत. पण कशाला?"

"वास तर कुणालाही येईल. मला मळमळतंय का ते बघायचंय. आणा."

"सोमवारी डॉक्टर सांगतीलच की, वैनी."

"सोमवारपर्यंत मी थांबू शकत नाही. आणा म्हणते ना."

त्या बाईंच्या वर्गात पोरं गप्प का बसतात, ते त्या वेळी मला कळलं. मी कोपऱ्यातला डबा उचलला. आजवर मी माझ्या मालाला वास येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. त्या वेळी मात्र त्याला जगातला सगळ्यात घाणेरडा वास यावा म्हणून मी देव पाण्यात घातले.

मी झाकण काढलं. वहिनींनी डबा दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेला आणि खोल श्वास घेतला.

काही झालं नाही.

"येतोय," त्या शांतपणे म्हणाल्या. "वास येतोय." पुन्हा एकदा श्वास घेतला. आम्ही तिघं त्यांच्याकडं बघत उभे. मग त्यांनी डबा खाली ठेवला, झाकण नीट बसवलं, पदर सावरला आणि उठल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. पेपर तपासून झाल्यासारखं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

त्या दारापर्यंत गेल्या. चौकटीला हात लावला. आणि तिथंच वाकल्या.

सकाळचा चहा, चानकीचा तुकडा, सगळं भडाभडा बाहेर पडलं. श्वास घ्यायला वर आल्या आणि पुन्हा वाकल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडताहेत असं मला वाटलं. जवळ गेलो तर त्या हसत होत्या. ओकता ओकता हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आई माझ्याआधी पोचली होती. एका हातानं कपाळ धरलेलं, दुसऱ्या हातानं पाठ चोळत होती. "येऊ दे. येऊ दे माझे बाई. समदं येऊ दे," असं म्हणत होती. एखाद्याला उलटी होताना इतक्या कौतुकानं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आई, तुम्हाला..." वहिनी दम घेत म्हणाल्या.

"मला ठावं न्हाय व्हय? म्हयना झाला, फोडणीला लसूण घालत न्हाय मी. हायत का कुणाची ध्यानं? ह्यो दोन येळा गिळतोय, त्येनं तरी इचारलं का, आई, आमटी मिळमिळीत का लागतीय?"

आईनं तांब्यातल्या पाण्यानं त्यांचं तोंड पुसलं. तात्या बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले होते, पाठमोरे, टोपी हातात घेऊन. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

वहिनी पायरीवर बसल्या. घामानं केस कपाळाला चिकटले होते. इतक्या दमलेल्या आणि इतक्या सुंदर त्या मला कधीच दिसल्या नव्हत्या, अगदी लग्नाच्या हळदीतसुद्धा नाही. मी शेजारी बसलो. म्हणालो, "याचा अर्थ सगळं ठीक आहे, हो ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ आजचा दिवस ठीक आहे. सोमवारी काय होईल ते माहीत नाही." मग पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "पण मघाशी तो डबा तुम्ही आणत होता ना, तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. आणि आईंचं. मला वाटत होतं, मी सगळं एकटीच धरून बसलेय." त्यांनी हात पुढं केला. "फोन द्या."

"मॅडमना आधी..."

"मॅडम राहू द्यात. यांना लावा."

मी दादाला फोन लावून दिला आणि उठायला लागलो. वहिनींनी माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"हॅलो? मी बोलतेय," त्या म्हणाल्या. पलीकडून दादाचा घाबरा आवाज आला. या वेळेला वहिनी कधी फोन करत नसत. "नाही, आई बऱ्या आहेत. भावजीही बरे आहेत. ऐका. मला दिवस गेलेत." मग थांबल्या. डोळे घट्ट मिटले. "तुम्हाला सांगायचं नव्हतं. सोमवारी डॉक्टरांकडं जायचंय. काय सांगतील ते माहीत नाही. चांगलं असो नाहीतर वाईट असो, मला एकटीला ऐकायचं नाही. याल?"

पलीकडं सगळं शांत झालं. वहिनींची बोटं माझ्या बाहीवर आवळली. मग दादा काहीतरी बोलला आणि त्यांची बोटं सैल झाली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"निघालो म्हणाले. भट्टी तशीच टाकून."

सोमवारी विट्याच्या दवाखान्याबाहेर मी जीपमध्ये बसलो होतो. दादा मिरजेला उतरून मिळेल त्या गाडीनं आला होता, दाढी वाढलेली, ॲसिडनं काळी पडलेली बोटं तशीच. आई मागच्या सीटवर डोळे मिटून माळेचे मणी ओढत होती. दादा-वहिनी आत जाऊन बराच वेळ झाला होता.

मग दार उघडलं आणि दादा एकटाच बाहेर आला. तो जीपपर्यंत आला, खिडकीवर दोन्ही हात ठेवले. माझा हा सहा फुटी भाऊ, धगधगत्या मुशीपुढं पापणी न लववता बसणारा, खाली मान घालून उभा राहिला.

"दादा, काय ते सांग."

"ऐकवलं आम्हाला," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला मशीनचा. पळतंय, उम्या. नुसतं पळतंय." आणि खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून रडायला लागला. आईनं मागून हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर वहिनी आल्या होत्या, पदर नाकाला लावून, कारण शेजारीच वडापावच्या गाडीवर तेल तापलं होतं. माझ्या खिशात फोन वाजत होता. पुण्याच्या मॅडमांचा असणार, शनिवारीच नमुना गाडीनं पाठवला होता. मी तो वाजू दिला.